अक्काचा हलणारा दशांश

धुळ्याहून मेघाचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या घरी पुस्तकं लावत होतो. "काका, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. मोठ्या बहिणीची बातमी तिच्या विद्यार्थिनीकडून कळावी, हे मला साहजिकच वाटलं. आजारपणातही त्या दोघी एकाच प्रश्नामागे लागल्या होत्या.

अक्का कॉलेजात भूगोल शिकवायची. धरणगावकडच्या विहिरींच्या नोंदींवरून पाण्याची पातळी काढणारा एक जुना प्रोग्राम तिच्या हाती आला आणि निवृत्तीनंतर ती त्यासाठी फोरट्रान ही संगणकाची जुनी भाषा शिकली. उत्तराला फार वेळ लागायचा. मग मेघाने तिला कंपायलरसाठीच्या, म्हणजे प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्यासाठीच्या सूचना दाखवल्या, हे काम संगणकात एकाच वेळी राबणाऱ्या सगळ्या कामकऱ्यांत वाटून द्या असं सांगणाऱ्या ओळी. त्या दिसतात साध्या टिपणासारख्या. ज्या कंपायलरला त्या पाळायला सांगितलेलं नसतं तो त्यांना ओलांडून पुढे जातो, बिघडत काहीच नाही. अक्काला याचं भारी कौतुक. शिवाय सोबतच्या सॉफ्टवेअर लायब्ररीत तयार रूटीनं, म्हणजे छोटे आयते प्रोग्राम होते. त्यांतल्या एकाला विचारलं की आपण कितवे कामकरी ते कळायचं. "नंबर लावून कामाला बसलेत बघ," ती मला फोनवर सांगायची.

काम झटपट होऊ लागलं, पण उत्तर दर वेळी निराळं... आमचा धरणगावचा मामेभाऊ शांताराम हसला, त्याला त्याच्या विहिरीपुरतंच पडलेलं. "अक्का, मनी हिरमा पानी शे का नई, इतलंच सांग. बठ्ठा आकडा तुले ऱ्हाऊ दे!"

"शे रे. पन कितलं, ते दरखेपले येगळं ई ऱ्हायनं."

मेघा म्हणाली, "मॅडम, त्या ओळीच काढून टाकू. हळू चालेल, पण बरोबर येईल."

"आणि का चुकत होतं, ते?"

ते अक्काला दवाखान्यातल्या खाटेवर सापडलं. सगळे एकाच बेरजेत भर घालत होते. दोघांनी एकदम जुना आकडा वाचला, आपापली भर घालून परत लिहिला, की एकाची भर पुसली जायची. तिने सूचनेत एक शब्द वाढवला. प्रत्येकाची बेरीज वेगळी, शेवटी सगळ्या एकत्र. उत्तरं जुळली. फक्त अगदी शेवटचा दशांश तेवढा हलत राहिला.

"एवढ्याने पाणी कमी-जास्त होत नाही, मॅडम."

"पाण्याचं सोड गं. हा का हलतो?" मग भेटायला आलेल्या माझ्याकडे वळून अक्का म्हणाली, "एवढी वर्षं ग्रंथपाल होतास ना? बघ की कुठल्या पुस्तकात."

मी पुस्तक मिळवलं. ते घेऊन निघण्याआधीच फोन आला.

काही आठवड्यांनी धुळ्याला अक्काच्या खोलीवर गेलो. तो दशांश का हलतो ते मेघाने मला समजावलं. संगणक प्रत्येक बेरीज मावेल तेवढीच ठेवतो, उरलेलं छाटतो. शेवटी सगळ्या बेरजा एकत्र करताना कोण आधी आलं यावर ते छाटणं बदलतं. एवढंच होतं... अक्का किती खूश झाली असती.

"काका, मिळवण्याचा क्रम पक्का करून टाकू का? मग हलणार नाही."

"नको. हलू दे. चालव."

शेवटच्या दशांशाच्या जागी सात आला. पुन्हा चालवला, चार.

"अजून एकदा," मी म्हणालो आणि खुर्ची पुढे ओढली.