कुंडीवाली मावशी आणि तिचे यजमान

रोज दुपारी जेवण झालं की मौनीबाबा तासभर स्वतःची बायको होत असत. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच हा उद्योग सुरू झाला होता. त्यात गैर काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. बायकोला तर पत्ताच नव्हता, त्यामुळे तिलाही काही वाटत नव्हतं.

मौनीबाबा हे नाव कंपनीतल्या लोकांनी ठेवलेलं. त्यांची हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मौनीबाबा बंद दाराशी तोंड नेऊन आतल्या माणसाशी बोलत, आणि काय बोलत! घाबरू नका, खाली बसून घ्या, घरी कोण कोण असतं, मुलगी कितवीला आहे. आतला माणूस निम्मा तिथेच सावरायचा. मग दार उघडून तो समोर उभा राहिला की मौनीबाबांची दातखीळ बसायची. सुटलेले लोक आभार मानायला भलत्याच माणसाचा हात धरत. घरी बायको कायम समोरच असायची, म्हणजे बोलणं संपलंच. ती बोलायची, हे ऐकायचे. ऐकायचे मात्र मन लावून.

सोशल मीडियावरचं खातं उघडून दिलं होतं मुलीने, आईच्या नावाने, आईचा फोटो लावून. नातवाचे फोटो आईला बघता यावेत म्हणून. आईने दोन दिवस बघितलं आणि "लोकांना उद्योग नाहीत" असा निकाल देऊन फोन कपाटावर ठेवला. तो मौनीबाबांनी उचलला. झाडांच्या एका ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, कुंडीतलं झाड पिवळं का पडतंय? बायको बाल्कनीत रोज जे बडबडायची ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं: "अगं, पाणी घाल, पण बुडवू नकोस. त्याने तुझं काय घोडं मारलंय?" संध्याकाळपर्यंत शंभर माणसांना ते पटलं. मौनीबाबांचं म्हणणं शंभर माणसांना पटल्याचं उदाहरण त्यांच्या आयुष्यात दुसरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बायको झाले.

बघता बघता कुंडीवाली मावशी प्रसिद्ध झाली. लोक आधी झाडांचं विचारायचे, मग सासूचं विचारू लागले, मग नवऱ्याचं. मौनीबाबांकडे माल भरपूर होता. आयुष्यभर ऐकलेलं सगळं आता कामाला आलं. त्यात त्यांनी पदरची भर एवढीच घातली, की मावशीला एक नवरा दिला. हा नवरा मोठा गोड होता. तो रोज संध्याकाळी बाल्कनीत तिच्याशेजारी बसायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचा. तिला कोणता रंग शोभतो हे त्याला कळायचं, आणि कळलं की तो बोलून दाखवायचा. "आमचे हे काल म्हणाले, तू माहेरी गेलीस की मला घरातले दिवेसुद्धा कमी वाटतात." यावर बायकांनी बदाम पाठवले ते मोजता येईनात.

अशात एक डायरेक्टरबाई मागे लागली. प्रत्यक्षात कधीही न भेटलेल्या माणसांमध्ये नाती कशी जुळतात, आणि फोनमधला माणूस खरा किती, यावर ती डॉक्युमेंटरी बनवत होती. तिला मावशीची मुलाखत हवी होती. मौनीबाबांनी मावशीच्या वतीने कळवलं, "आमच्या ह्यांना आवडणार नाही." स्वतःच्या आड लपायची ही युक्ती त्यांना बिनतोड वाटली. डायरेक्टरबाईचं म्हणणं पडलं, इतक्या समजूतदार नवऱ्याला आवडणार नाही हे शक्यच नाही.

शेवटी ती दारातच उभी राहिली. पत्ता तिच्याकडे होता. कारण मावशी मागेल त्याला झाडाच्या फांद्या कुरिअरने पाठवायची, आणि पाकीट परत आलं तर घरीच यावं म्हणून मौनीबाबा मागे स्वच्छ अक्षरात पूर्ण पत्ता लिहीत. कामात ते पहिल्यापासून चोख.

दार बायकोने उघडलं. "मावशी!" म्हणून डायरेक्टरबाईने तिला मिठीच मारली. बाल्कनीत झारी हातात धरून उभ्या असलेल्या मौनीबाबांच्या पायाखालची जमीन सरकली आणि झारीतलं पाणी कोरफडीच्या कुंडीतून वाहून बाहेर आलं. बायको मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. "ये, आत ये," म्हणाली, पाणी दिलं, आणि पाहुणीला तासभर बोलू दिलं. हो-ला हो करत तिने सगळं काढून घेतलं. जाताना पाहुणीने विचारलं, "मग शूटिंग पुढच्या आठवड्यात ठेवू?"

"ठेव की," बायको म्हणाली.

दार लागल्यावर तिने हात पुढे केला. "पासवर्ड काय आहे?"

पासवर्ड तिचंच नाव होतं.

पुढचे दोन दिवस ती चष्मा लावून वाचत बसली. चहा मौनीबाबांनी केला, खिचडी मौनीबाबांनी लावली. मधूनमधून ती खुदकन हसायची, पण कशावर ते सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिचं हसू थांबलं.

"ही वाक्यं माझी आहेत," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा नवरा कोणाचा?"

मौनीबाबा भाताचा चमचा हातात धरून उभे राहिले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तीही गप्प झाली. शूटिंगपर्यंत गप्पच राहिली. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. फिल्ममध्ये आपलं बिंग फुटेल, लोक तोंडात शेण घालतील, याची मौनीबाबांना भीती होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ही आता आपल्याशी पुन्हा बोललीच नाही तर?

ठरल्या दिवशी दोन पिशव्या, एक दिवा आणि पुष्कळ वायरी घेऊन मंडळी आली: डायरेक्टरबाई, एक कॅमेरावाला, एक साउंडवाला. बायकोला खुर्चीत बसवलं. मौनीबाबांना स्वयंपाकघराच्या दारात, कॅमेऱ्यात येणार नाहीत असं उभं केलं.

"मावशी, माझा आवाज नंतर काढून टाकणार आहे," डायरेक्टरबाई म्हणाली. "तेव्हा समोर कोणी बोलतच नाहीये असं समजून, पूर्ण वाक्यात बोला."

"ते जमेल," बायको म्हणाली. "सवय आहे."

झाडांवर ती झकास बोलली. सासू-सुनांवर बोलली. वाक्यं तिचीच, अडायचं कुठे? मग प्रश्न आला, "आणि काका? खऱ्या आयुष्यातही ते तसेच आहेत?"

मौनीबाबांनी दाराची चौकट धरली.

"माझे यजमान रोज संध्याकाळी माझ्याशी बोलतात, असं तिथे लिहिलंय," बायको सावकाश म्हणाली. "ते वाचलं की मला त्या मावशीचा हेवा वाटतो."

डायरेक्टरबाईला हे फार खोल वाटलं. तिने घाईघाईने काहीतरी टिपून घेतलं.

"अजून एक सांगायचंय," बायको म्हणाली. "एका मुलीने विचारलं होतं, नवरा बोलत नाही, काय करू? तिला तिथे उत्तर गेलंय, गप्प माणसाच्या पोटात खूप माया असते, धीर धर. ते उत्तर मी मागे घेते. पोटातल्या मायेचं मी काय करू? मी काय डॉक्टर आहे, पोट तपासायला? त्या मुलीला सांगा, धीर धरू नकोस. मी धरला. मला त्याचं फार वाईट वाटतं."

कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला. साउंडवाला मात्र कानावरचे हेडफोन न काढता म्हणाला, "आता एक मिनिट सगळे गप्प बसा. खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आहे."

"शांतता कशाला लागते?"

"प्रत्येक खोलीची वेगळी असते, मावशी. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधे भरायला लागते."

"घे बाबा. आमच्याकडे पुष्कळ आहे."

मिनिट सुरू झालं. अशा वेळी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, तशी तिघं जण फरशी, छत आणि भिंत बघत बसली. बायकोची पाठ स्वयंपाकघराकडे होती.

"त्या मुलीला उत्तर मी दिलं होतं," मौनीबाबा म्हणाले.

साउंडवाल्याने हात वर केला. त्यांनी तो पाहिला नाही.

"सगळं मीच लिहिलंय. तुझं नाव लावून. पण संध्याकाळचं जे लिहिलं ना, ते खोटं नाही. ते मला तुला सांगायचंच असायचं. येऊन शेजारी बसायचो. जमायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी तिकडे लिहून टाकायचो. लोक छान म्हणायचे. मला वाटायचं, तुला सांगून झालं."

डायरेक्टरबाईच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायचं तिला सुचलं नाही.

"काका, मिनिट फुकट गेलं," साउंडवाला म्हणाला. "परत घ्यावं लागेल. या वेळी कोणी बोलू नका प्लीज."

बायकोने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, मग चष्माही पुसला. "शांतता नंतर घे," ती त्याला म्हणाली. "ती कुठे पळून जात नाही. अहो, तुम्ही बोला."

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मौनीबाबांनी तिच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं, आणि बोलू लागले.