गजभिये बाईंची बॅग

गजभिये बाईंची बॅग वर्गातल्या एका मुलीने दोन बोटांनी उचलली. नाक मुरडलं. आणि सगळा वर्ग हसला.

गजभिये बाईंनी मला इंग्रजी शिकवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, शाळा सुटल्यावर, स्वतःच्या घराच्या ओट्यावर. माझे आईवडील जिनिंगमध्ये कापूस वाहायचे. घरातला पहिला पदवीधर मी. एम.ए.साठी दिल्लीला निघालो तेव्हा बाईंनी आपली तपकिरी रेक्झिनची बॅग दिली. बी.एड.ला जाताना त्यांनी हीच नेली होती. एक कडी तुटलेली, तिथं सुतळी बांधलेली.

वर्गात आम्ही एक जुनं इंग्रजी विनोदी नाटक बसवत होतो. त्याचा नायक तान्हा असताना रेल्वे स्टेशनवर एका बॅगेत सापडलेला असतो. त्याला आवडलेल्या मुलीची आई लग्नाआधी त्याची चौकशी करते. आईवडील कोण? घराणं कोणतं? तो बॅगेचं सांगतो. ती हादरते. प्रेक्षक हसतात.

सर म्हणाले, बॅग हे या नाटकातलं मुख्य प्रतीक. जुनी बॅग कोणाकडे आहे? मी हात वर केला. अभिमानाने. मला नोकराचं काम मिळालं होतं, ट्रेमधून काकडीचे सँडविच आणायचं. तेही मी आनंदाने घेतलं होतं.

तालमीत आईचं काम करणाऱ्या मुलीने बॅग उचलली, माझ्याकडे बघितलं आणि नाटकात नसलेलं वाक्य टाकलं.

"इसमें से बच्चा नहीं, कोटा निकलेगा."

सरही हसले. "रखो, रखो. लाइन अच्छी है."

"बुरा मत मानना यार," ती मला म्हणाली. "कॉमेडी है."

आणि मीही हसलो. ट्रे हातात धरून. हे लिहिताना तिच्या वाक्यापेक्षा माझंच हसू जास्त टोचतं.

मी सरोजिनी नगरला काकांच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. घरी येऊन सांगितलं.

"अरे, चार दिवसांची गोष्ट आहे," काका म्हणाले. "इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात ना? हसून सोडून दे. मी ऑफिसात इतकी वर्षं तेच करतोय."

काकू पोळ्या लाटत होती. "म्हणूनच रोज पोट दुखतं तुमचं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी नाटकाचा शेवट पुन्हा वाचला. शेवटी बॅग ओळखली जाते. पोरगा त्या मुलीच्या आईचाच भाचा निघतो. मग लग्नाला कोणाची ना नाही. म्हणजे घराणं विचारणाऱ्या बाईला आधी हसायचं आणि शेवटी तिला हवं तेच उत्तर द्यायचं. बॅग चांगल्या घरची निघाली, म्हणून पोरगा चांगला. नसती निघाली तर? ते पान त्या नाटकात नाही.

माझ्या बॅगेतून कोणाचा भाचा निघणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू व्हायच्या आधी मी टेबलापाशी गेलो. बॅगेत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे काढले. प्लास्टिकची बाहुली काढून टेबलावर ठेवली. बॅग खांद्याला लावली.

"ये क्या है?" सर.

"सर, बॅग मेरी है. ले जा रहा हूँ."

"और ट्रे?"

"वो कोई और उठा लेगा."

"इंटर्नल में क्या लिखूँ तुम्हारा?"

"जो हुआ है, वही लिखिए."

मी दाराकडे निघालो. या वेळी कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर बाईंना पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.
तुमची बॅग मी इथं एका नाटकाला दिली होती. तिथं तिची थट्टा झाली. आज परत आणली. सुतळी सुटली होती, नवी बांधली. इंटर्नलचे मार्क बहुतेक जातील. निकाल कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून आधीच सांगतो. त्या नाटकात नसलेल्या पानावर मी पेपर लिहितोय. तो त्याच वर्गात उभा राहून वाचणार आहे, तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीत. एखादं वाक्य चुकलं तर चुकू दे. बॅग समोर टेबलावर असेल. ती कोणाची, हे पहिल्याच ओळीत सांगणार आहे.
बाई, काल सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. पुन्हा हसणार नाही.