मी उचलली नाही ती ओळ

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. तुझ्याजवळ बोलते आहे, कारण तू कोण ते मला माहीत नाही आणि तुझं तोंड मला दिसत नाही. समोर माणूस असला की माझी जीभ हलत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही तेच. उत्तर येत असायचं, पण मान खाली.

गावात म्हणतात, सगुणा गरीब बाई, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. गप्प असते बिचारी. खरं आहे, मी गप्प असते. पण गप्प राहून माणसाचं काय करता येतं, हे कुणाला माहीत आहे?

आधी कमळाबाय कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुला कळणार नाही मी काय मोडलं ते.

आमचं गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. कमळाबाय आमची शेजारीण. माझ्या सासूपेक्षा थोडी लहान. तिचा बाप देवळात पेटी वाजवायचा. लग्न होऊन आली तेव्हा ती बापाची पेटी घेऊन आली, आणि सासूनं ती माळ्यावर टाकली. सासू गेल्यावर कमळाबायनं पेटी खाली काढली, पुसली आणि बायकांचं भजनी मंडळ काढलं. पुरुष हसले. पारावर कुणीतरी म्हणालं, "बाया भाकऱ्या थापायच्या सोडून टाळ कुटनार व्हय?" तिनं जाता जाता उत्तर दिलं, "थापतो ना रं. हात त्योच हाय, आवाज तेवढा गोड येतो." लोक तिला चिडवायला बुवा म्हणू लागले आणि वर्ष-दोन वर्षांत खरंच बुवा म्हणू लागले.

तिचा दीर, धोंडूभाऊजी, पखवाज वाजवायचा. मंडळात तेवढाच एक पुरुष. मान खाली घालून बसायचा, पण कान सगळीकडे.

आणि मी? मला तिनं विहिरीवर पकडलं. मी धुणं धूत होते, वाटलं कुणी नाही, म्हणून गुणगुणत होते. ती मागे येऊन उभी राहिली. "सगुणे, ह्यो आवाज कुटं लपवून ठेवलावतास गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या शनिवारी तिनं मला हाताला धरून मारुतीच्या देवळात नेलं आणि आपल्या मागेच बसवलं.

आता ही एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. भजनात बुवा ओळ म्हणतो आणि सोडतो. मागचे ती उचलतात आणि धरून ठेवतात, म्हणजे बुवाला दम घ्यायला मिळतो. त्याला आम्ही झील म्हणतो. आमच्या बायकांना मात्रा मोजता येत नव्हत्या. कमळाबायनं खूप शिकवलं, पण शेतावरून आलेल्या बाया, डोळ्यांवर झोप — कोण मोजणार? मग आपोआप एक रीत पडली. ओळ आधी मी उचलायची. माझा आवाज निघाला की त्यात सगळ्यांचा मिळायचा. मी कधी चुकत नसे, म्हणून त्यांनी मोजायचं सोडूनच दिलं. कमळाबायला हे ठाऊक होतं. ती म्हणायची, "तू मागं हायस ना, मग मी डोळं मिटून वर जाते."

डोळे मिटून. ती खरंच डोळे मिटायची.

त्या साली खालापूरच्या बाजूला एका देवळाच्या उत्सवात बायकांच्या भजनांची स्पर्धा होती. कमळाबाय म्हणाली, गौळण सगुणा म्हणंल. पुढं बसून. मी नको म्हटलं, पण आतून — कसं सांगू? भात झोडताना, भांडी घासताना, मी ती गौळण म्हणत होते. आयुष्यात कधी कुणी मला पुढे बस म्हटलं नव्हतं. मी नवी साडीसुद्धा नेसले होते, हिरवी.

देवळाच्या आवारात पोचलो तर मोठमोठी मंडळं आलेली. एकसारख्या साड्या, माईकला सरावलेल्या बाया. आमच्या बायांचे चेहरे उतरले. कमळाबायचाही उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उभी होते आणि माझे पाय कापत होते. ते तिला दिसलं. मग ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "गौळण मीच घेते गं. हिचं पाय बघा कसं लटलट करत्यात. चारचौघांत आब्रू जायाची. सगुणा मागंच बरी, भिंतीवानी."

वनिता आमची तोंडाळ. ती म्हणाली, "भिंतीला तोंड नसतंय बाय!" आणि सगळ्या हसल्या. कमळाबायही हसली. मीसुद्धा हसले.

ती खोटं बोलली का? नाही. माझे पाय खरंच कापत होते. हे मी स्वतःला बजावून सांगते, कारण पुढचं ऐकून तू म्हणशील, दुखावली होती बिचारी. तसं म्हणू नकोस. दुखावलेली माणसं रडतात, भांडतात, घरी निघून जातात. मी तसं काही केलं नाही. मी माझ्या जागेवर जाऊन बसले, टाळ हातात घेतले, आणि मला नीट कळत होतं मी काय करणार आहे.

अभंग चांगला झाला. लोकांनी माना डोलावल्या. मग गौळण. त्या गौळणीत एक जागा होती — कमळाबाय ओळ घेऊन वर, पार वर जायची, आणि तिथे दम संपता संपता ओळ सोडायची. तिथे मागच्यांनी ती झेलायची. झेलली तर अंगावर काटा यायचा. ती डोळे मिटून वर गेली. इतकी सुरेख गेली होती. मी तिच्या मागे बसले होते, तिच्या मानेची शीर मला दिसत होती. तिनं ओळ सोडली.

मी तोंड उघडलं नाही.

टाळ वाजवत राहिले, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. बाकीच्या माझ्या आवाजाची वाट बघत राहिल्या. कुणीच उचललं नाही. पखवाज चालू, टाळ चालू, आणि वर कमळाबाय एकटी. तिनं परत आवाज लावायला बघितलं, पण दम उरला नव्हता. आवाज फाटला. माईक होता — फाटलेला आवाज सगळ्या आवारात गेला. पोरं हसली. मग बाया हसल्या. तिनं डोळे उघडले आणि मागे बघितलं, आमच्याकडे — माझ्याकडे. रागानं नाही. काय झालं गं, असं.

परत येताना टेंपोत धोंडूभाऊजी म्हणाला, "झील कुटं गेली?" कमळाबायनंच त्याला गप्प केलं. "पोरींना नको बोलू. माजाच सूर चढला आसंल. चढलेली ओळ त्या कशी उचलतील?"

तेव्हा मी बाहेर बघत होते.

इथवर ऐकून तुला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही तेवढाच असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात वाल सोलत बसले होते. ती मागच्या दारानं आली, समोर उकिडवी बसली. रात्रभर झोपली नसावी. म्हणाली, "सगुणे, तुजा कान खरा हाय. दुसऱ्या कुनाला नाय इचारत. माजी शपत हाय तुला, खरं सांग. मी सूर सोडला का गं?"

किती सोपं होतं. बाय, सूर तुमचा नाही सुटला. ओळ मी उचलली नाही. एवढंच. तिनं मला मारलं असतं, बोलायची बंद झाली असती, आणि पुढच्या शनिवारी पेटी काढून बसली असती. मी हातातल्या वालाची साल काढली. दुसरा घेतला. मग म्हटलं, "जरासा चढलावता, बाय."

तिनं एक वाल उचलला, परत ठेवला. मग हळू म्हणाली, "मला कळला कसा नाय?" उठली. पदर झटकला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं तू खरं बोललीस. बाकीच्या तोंडावर ग्वाड बोलत्यात."

त्यानंतर ती गायली नाही. दोन-तीन शनिवार आलीच नाही. मग एकदा पेटी घेऊन आली, देवळात ठेवली आणि म्हणाली, आता सगुणा पुढं बसंल. मी नको नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं लाजते आहे. बसले. आणि ऐक — माझे पाय कापले नाहीत. धोंडूभाऊजीनं तेवढं एक भजन वाजवलं आणि पखवाज बाजूला ठेवला. निघताना माझ्याजवळ थांबला. "खालापूरला तुजा टाळ मला ऐकू येत व्हता, सगुणे. आवाज नाय आला." मी म्हटलं, घसा बसला होता भाऊजी. त्यानं मान हलवली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मंडळातून तोही गेला.

कमळाबाय पुढे बरीच वर्षं जगली. तिला सगळे म्हणायचे, एखादी ओळ तरी म्हणा. ती कानाला हात लावून हसायची, "ह्ये फसवत्यात आता." एकदा मी तिच्याकडे ताक मागायला गेले. मागच्या दारात पोचले तर आतून आवाज आला. ती तांदूळ निवडत होती आणि तीच गौळण म्हणत होती. हळू, स्वतःपुरती. त्या जागेपर्यंत गेली, वर गेली — आणि सूर इतका खरा होता की मी दाराच्या चौकटीला धरलं. तिथे ती ओळ सोडून थांबली. मी दाराआड होते. तेव्हा तरी उचलायची. कोण होतं ऐकायला? दोघीच तर होतो.

माझी सावली आत पडली. तिनं वर पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखी ओशाळली. माझ्यापुढे. "उगी गं," म्हणाली, "कुनी नाय म्हनून. सूर ऱ्हायला नाय, म्हाईत हाय मला." मी ताक घेतलं आणि घरी आले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. दहाव्याला आम्ही तिच्या ओटीवर भजन केलं. पुढे मी बसले होते, तिच्या पेटीजवळ. पेटी आता वनिताची सून वाजवते. भजन झाल्यावर कमळाबायची सून चहा घेऊन आली, माझ्याजवळ बसली, रडली. म्हणाली, "आई सांगायच्या, सगळं गाव खोटं बोलंल, सगुणाकाकी नाय बोलनार."

मी तो चहा प्यायले.

शनिवारी अजून जाते. घरी बसले तर लोक विचारतील काय झालं. बाया बसतात, टाळ घेतात, मी डोळे मिटत नाही. मी ओळ म्हणते आणि सोडते. ती सोडल्यावर मागचे आवाज यायच्या आत थोडी जागा असते, आणि त्या जागेत मी दर वेळी थांबून वाट बघते, की आज तरी कुणी उचलणार नाही.

त्या उचलतात. एकदाही चुकल्या नाहीत.