मामावर नजर ठेवायला

मामा खोटं बोलतोय, हे तो परत आला त्याच संध्याकाळी आमच्या घरात ठरून गेलं. ते साल त्र्याहत्तर. आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी, बोरिवलीला चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. मी अंधेरीच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. मामा आईचा धाकटा भाऊ, मालवाहू बोटीवर खलाशी, बोलता बोलता मालवणीवर घसरणारा. त्याची पत्रं यायची बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आईने नवस बोलून झाले, रडून झालं, आणि शेवटी ती त्याचं नावही काढेनाशी झाली. आणि हा एका पत्र्याच्या ट्रंकेसह दारात उभा.

जेवताना त्याने जे सांगितलं ते असं: स्कॉटलंडच्या एका बंदरात त्याला कावीळ झाली. त्याला इस्पितळात टाकून बोट निघून गेली. बरा झाल्यावर तो तिथल्याच एका माणसाकडे कामाला लागला. तो माणूस लोकांना लांबट, अरुंद होड्यांतून सात-सात दिवस समुद्रात फिरवायचा. होडीला कयाक म्हणत. वरून बंद, मध्ये फक्त बसण्यापुरतं भोक, आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. बेटांवर वस्ती नाही, झाड नाही, नुसते पक्षी आणि सील. पाणी असं की हात घातला तर हाडं दुखतात. मामा आधी स्वयंपाक करायचा, तंबू ठोकायचा. मग स्वतःच लोकांना घेऊन जायला लागला.

"पैसे देऊन थंडीत कुडकुडायला जातात?" बाबांनी विचारलं.

"जातात."

"साहेब लोक?"

"मास्तर, नर्सा, बँकेतले क्लार्क. सगळे."

बाबांनी आईकडे पाहिलं. मामाच्या हे लक्षात आलं, पण तो खाली मान घालून जेवत राहिला.

त्या तीन वर्षांतला एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. पत्र का टाकलं नाहीस म्हटलं की तो उठून गॅलरीत जायचा. आईची खात्री होती की तिकडे बाई आहे. बाबांना स्मगलिंगचा वास येत होता. त्या दिवसांत किनाऱ्यावर सोनं आणि घड्याळं उतरायची आणि नाक्यानाक्यावर त्याच गोष्टी चालायच्या. मला काय वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मी चोरी केली होती. मामा आंघोळीला गेला असताना मी त्याची ट्रंक उघडली. आत टाइप केलेलं एक इंग्रजी पत्र होतं. घाईत मला पहिल्या दोन ओळीच वाचता आल्या: अमुक घटनेच्या चौकशीसाठी आपण हजर राहावे. न्हाणीघराची कडी वाजली आणि मी झाकण लावलं. मामा कुठल्या तरी खटल्यातून पळून आलाय, हे त्या दिवसापासून मी धरून चालले.

महिनाभराने तो गोराईला राहायला गेला. तिथल्या एका ख्रिस्ती म्हातारीने त्याला मागची पडवी दिली. बांबूच्या कामट्या, कॅनव्हास आणि रंगाचे डबे आणून त्याने तिथे दोन कयाक बांधल्या. चाळीत बातमी यायला वेळ लागला नाही. एक हवालदार येऊन बाबांना विचारून गेला, तुमचा मेव्हणा करतो काय? त्या दिवशी बाबांनी चहाही घेतला नाही.

"लोकांना फिरवणार म्हणतो," आई म्हणाली. "गोराईहून अर्नाळ्याच्या बेटापर्यंत. चार दिवस."

"आपली माणसं जाणार? चार दिवस? होडीतून?" बाबा म्हणाले. "त्या होड्यांत काय जाणार ते मला विचार."

मग आईनेच मला पुढे केलं. पहिल्या फेरीला तू जा, म्हणाली. सख्खा मामा आहे, लोक काय बोलतील ते बोलोत. कुठे थांबतो, कुणाला भेटतो, सगळं बघ. मी तयार झाले. मला ते पत्र झोपू देत नव्हतं.

मामाने आधी पाच रविवार मला खाडीत शिकवलं. शिकवलं म्हणजे बुडवलंच. होडी उलटायची, श्वास धरायचा, पाय सोडवून बाहेर यायचं, होडीला धरून राहायचं. पुन्हा. पुन्हा. एरवी गरीब असलेला हा माणूस त्या वेळी मास्तरासारखा खेकसायचा. एवढ्या कोमट पाण्यात एवढा जीव का काढतो, याचाही मला संशयच आला.

जानेवारीत निघालो. वारा पडलेला, समुद्र सपाट. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला करकचून बांधली होती. दुपारी उत्तनच्या अलीकडे कस्टमची लाँच आडवी आली. लाँचवरच्या साहेबांनी आमच्या दोन्ही होड्या लाँचला बांधून घेतल्या आणि एका शिपायाला आत हात घालायला लावला. तांदूळ निघाला, कांदे, सुके बोंबील, दोन घोंगड्या, पाण्याचे कॅन.

"कुठे चाललात?"

"अर्नाळ्याक," मामा म्हणाला.

"कशाला?"

"फिराक."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"भाची."

"खरंच मामा आहे का गं तुझा?"

हो म्हणायला मला एक क्षण उशीर झाला. तो उशीर मामाच्या लक्षात आला. साहेबांनी कागद मागितले तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता खलाशाचं जुनं ओळखपुस्तक पुढे केलं. त्यांनी आम्हाला सोडलं, पण माझ्या मनातली गाठ आणखी आवळली गेली. त्या संध्याकाळी उत्तनच्या वाळूत भात खाताना आम्ही एकमेकांशी मिठापुरतं बोललो.

दुसऱ्या दिवशी वसईच्या खाडीचं तोंड ओलांडायचं होतं. ओहोटी लागली होती आणि वारा तिच्या विरुद्ध उठला. पाण्याला अचानक उभी, आखूड लाट आली. "माझ्या जवळ ऱ्हव!" मामा ओरडला. मी वळून बघायला गेले आणि उलटले. शिकवल्याप्रमाणे बाहेर आले, होडी धरली. भीती वाटली, नाही असं नाही. पण मी शुद्धीवर होते, पोहत होते. मामाने आपली होडी माझ्या होडीला लावली, पाणी ओतून काढलं, मला पोटावर घालून आत ओढलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. हे काम त्याने शंभरदा केलेलं आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. निदान कयाकचं तरी तो खोटं बोलत नव्हता.

खरी गोष्ट किनाऱ्याला लागल्यावर घडली. ऊन चांगलं तापलं होतं. वाळू चटके देत होती. मामाने मला दोन्ही घोंगड्यांत गुंडाळलं, सुक्या झावळ्या पेटवल्या आणि माझे तळवे चोळायला लागला.

"पत्ता सांग," तो म्हणाला.

"काय?"

"घराचो पत्तो सांग गो. खोली नंबर सांग."

मी सांगितला.

"परत सांग."

"मामा, मला घाम फुटलाय. सोड ना."

"परत सांग!"

तो रडत होता. मी सात-आठ वेळा आमच्या चाळीचा पत्ता सांगितला, तेव्हा कुठे त्याने माझे हात सोडले. मग मीच म्हटलं, "मी ते पत्र बघितलंय. चौकशीचं."

त्याला राग आला नाही. त्याने जाळात आणखी एक झावळी घातली.

"सहा माणसं होती माझ्यासोबत," तो म्हणाला. "चौथो दिवस. सकाळी वारो होतो. मी म्हटलं, आज थांबूया. लोक म्हणाले, सुट्टी संपतेय, जाऊया. मी हो म्हटलं. दोन बेटांच्या मधी एक मास्तरीण उलटली. तिला वर काढायला माका पंधरा मिनिटं लागली."

"बुडाली?"

"नाय. किनाऱ्याला आणली. जाळ केला. ती बोलत होती, हसलीसुद्धा. थंडी आत शिरली की माणूस थरथरतो गो. थरथर थांबली की लोकांना वाटतं, बरं वाटतंय. तिची थांबली. डोकं जाग्यार आसा काय बघूक मी पत्ता विचारत ऱ्हवलंय. दोनदा तिने बरोबर सांगितला. तिसऱ्यांदा रस्त्याचं नाव चुकली."



चौकशी झाली होती. तो हजर राहिला होता, सगळं खरं सांगितलं होतं. दोष तुझा नाही, असं ते म्हणाले. "त्यांका काय माहीत," मामा म्हणाला. "निघूक हो मीच म्हटलं होतं."

तरी माझ्या तोंडातून गेलंच, "मग पत्र का नाही टाकलंस?"

"आधी बोट सुटल्याची लाज वाटली. मगे काय लिवू? हंयसर सगळा ठीक?"

आम्ही तिथूनच परत फिरलो असतो तर त्याने पुन्हा वल्हं उचललं नसतं, असं मला वाटतं. मीच म्हटलं, उद्या वारा नसेल तर पुढे जाऊ. नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी अर्नाळ्याच्या बेटाला लागलो. किल्ल्याच्या सावलीत कोळणी जाळी सोडवत बसल्या होत्या. त्यांनीही विचारलं, काय विकायला आणलंत? चौथ्या दिवशी एका मच्छीमार बोटीने होड्यांसकट आम्हाला गोराईला आणून सोडलं.

घरी आई वाटच बघत होती. बाबा बाहेर जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बाई होती ना?"

"होती," मी म्हटलं. "त्याच्या हातात मेली." आणि सगळं सांगितलं.

आई उठली, चूल पेटवली, उगाच भांडी इकडची तिकडे केली. पुढच्या रविवारी ती आयुष्यात पहिल्यांदा खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून गोराईला गेली. दोघं पडवीत काय बोलली ते मला माहीत नाही. मी त्या म्हातारीजवळ मासे साफ करत होते. बाबांचा मात्र शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. गोष्ट चांगली रचलीय, एवढंच ते म्हणाले.

मामाने त्यानंतर आणखी होड्या बांधल्या आणि चार हिवाळे लोकांना नेलं. एकदा भांडुपच्या कारखान्यातले सहा जण आले होते, मीही होते. उत्तनला सकाळी जरासा वारा उठला, भरतीच्या रेषेवरचा कचरा हलेल इतकाच. मामा म्हणाला, आज नाही. उद्याही बघू.

"अरे यार, एवढ्याशा वाऱ्याला घाबरतोस?" त्यांतला एक चिडला. "हा खरंच कधी गेला होता का तिकडे? मला तर सगळी थाप वाटते."

मामाने त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "थापच समज. होडी वर घे."

सहाही जण कुरकुरत होड्या ओढायला लागले. मीही एकीला हात लावला.