हुकूम पुरता बोला

जाधवकाकांना काकींनी मीठ आणायला पाठवलं, तरी ते दारात ताठ उभे राहून म्हणायचे, "मीठ आनायचं. जाडं. बरोबर?" काकी "हो, जा एकदाचे" म्हणेपर्यंत पाय हलायचा नाही. हुकूम देणाऱ्याच्या तोंडावर तो पुरता बोलून दाखवायचा, ही पलटणीतली रीत हवालदारकीतून निवृत्त होऊन टेमघरला आल्यावरही त्यांनी सोडली नव्हती. त्यावरून त्यांची टिंगल करण्यात मी पुढे असायचो.

नव्वदनंतर आसपासच्या शहरांत दंगली पेटल्या, तेव्हा गल्लीने पहारा बसवला. कॉलेजातल्या आणि कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या आम्हा पोरांना काकांनी हीच रीत शिकवली. मी एकदा विचारलं, "काका, वाईट हुकूम आला तर शिपाई काय करतो?"

"वाईट हुकूम कोनी नीट सांगत न्हाय. नुसता इशारा करतो, मंग ज्याचा हात उठला त्याच्यावर ढकलतो. म्हनून त्याच्याकडून बोलून घ्यायचं."

दोनच दिवसांत युसूफचाचा बायकोला घेऊन निजामपुऱ्याच्या मुसलमान वस्तीत भावाकडे निघाले. चाचा गल्लीतलेच, लूम दुरुस्त करणारे. हातगाडीवर भांडी आणि शिवणयंत्र. गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्यावर आम्ही होतो, आणि खुर्चीत आमचे पुढारी भाऊ. ते वर न बघता आम्हाला म्हणाले, "बघून घ्या त्याला."

आमच्यातल्या दोघांनी काठ्या सरसावल्या होत्या. माझ्या तोंडून निव्वळ सवयीने निघालं, "युसूफचाचांना बघून घ्यायचं. म्हणजे काय करायचं, भाऊ?"

भाऊंनी नुसता हात हलवला.

"मारायचं का? चाचीला पन?" मागून एकाने विचारलं. चाची समोरच उभी होती. गल्ली दारांत जमली होती.

"मी असं कधी बोललो?" भाऊ उखडले. "जाऊ द्या ना, मला काय विचारता?"

"जाऊ द्यायचं. बरोबर?" मी म्हणालो. हातगाडी पुढे गेली. काका शेजारीच उभे राहून ऐकत होते.

संध्याकाळी मी मिरवतच त्यांच्याकडे गेलो. ते खूश नव्हते.

"भाऊ भित्रा निघाला म्हनून निभावलं. त्याने सरळ 'मार' सांगितलं असतं, तर?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हन बघू."

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते आम्हाला एकेकाला पुढे उभं करून हुकूम सोडायचे, "चाचाला मार." आम्ही "मारणार नाही" म्हणायचं. पहिल्या दिवशी कुणाचाच आवाज धड फुटला नाही. त्या करड्या आवाजापुढे पाठ आपोआप ताठ व्हायची आणि जीभ "जी" म्हणायला वळायची. काका पुन्हा म्हणायला लावायचे.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा माझ्यावर फार लोभ होता, म्हणून त्या सरावाला कंटाळून मी एकदा विचारलं होतं, "पलटणीत हेही शिकवतात का?"

"न्हाय," काका म्हणाले. "मला कुठं येत होतं? एकदा न्हाय म्हनायची गरज पडली, तवा मी 'जी साहेब' बोललो."