वानखेडे मिस्त्रींचा कागद

मला दुर्ग रोडच्या तेलवाल्याने फसवलं आणि मी वानखेडे मिस्त्रींना. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

मिस्त्री रेल्वेच्या डिझेल शेडमधून रिटायर होऊन खुर्सीपारला गॅरेज चालवत. गाडी आली की आधी टाकीतल्या तेलाचा एक थेंब वर्तमानपत्रावर टाकत आणि डाग सुकेपर्यंत चहा पीत. कोणी घाई केली तर म्हणत, "थांब ना बाप्पा. मालक बोलला, आता तेलाले बोलू दे."

माझी भाजीची पिकअप. तेलवाला शेतीच्या पंपांसाठीचं हलक्या प्रतीचं स्वस्त तेल ड्रममधून द्यायचा. "गाडीलाही चालतं, शेठ." भाव पाडून घेतला म्हणून मी खूश होतो. पुढे गाडी काळा धूर ओकू लागली, तेव्हा मिस्त्रींकडे नेली. कागदावर काळं कडं उमटलं.

"काय पाजून राहिला रे इले? पेट्रोलपंपावरचं डिझेल टाक. पण आधी टाकी उतरवून धू. चांगलं डिझेल तळचा गाळ उठवते, मंग सारा फिल्टरात जाते. दोन दिवस गाडी ठेव, मी धुतो."

दोन दिवस गाडी उभी? "घरीच धुतो," म्हणालो. त्यांनी इंजिनात तेल फवारणारे नोझल तेवढे दुरुस्त केले. मी टाकी न धुताच पेट्रोलपंपावरचं डिझेल भरलं.

तिसऱ्या दिवशी टमाट्यांनी भरलेली गाडी पुलावर बंद पडली. ती मिस्त्रींच्या गॅरेजला ओढत आणून मी चार ड्रायव्हरांसमोर ओरडलो, "मालगाडीचं इंजिन समजले काय तुमी? वाट लावली माझ्या गाडीची!"

मिस्त्रींनी फिल्टर उघडून कागदावर उपडा केला. काळा चिखल पडला. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली.

मग ते ड्रायव्हरांना म्हणाले, "चूक माही हाय. टाकी म्या सोता धुवाले पायजे होती." आणि बाह्या सारून टाकी उतरवायला बसले.

ड्रायव्हरांनी ते खरं मानलं. गिऱ्हाईक तुटत गेलं. रोज जाऊन खरं सांगायचं ठरवायचो, पण गेलो नाही. गेल्या हिवाळ्यात मिस्त्री वारले.

परवा त्याच ड्रायव्हरांना स्टँडवर गोळा करून सांगितलं, टाकी मी धुतली नव्हती. एकजण थुंकला. बरोबर केलं त्याने.

तेलवाल्याचे ड्रम अजून तिथेच आहेत. जाब विचारला तर "सोडा ना शेठ, जुनी गोष्ट," म्हणतो. सोडणार नाही. त्याने स्टँडवर यावं, आपल्या तेलाचा थेंब कागदावर टाकावा आणि डाग सुकेपर्यंत सगळ्यांसमोर उभं राहावं.