मोकळ्या रानाचं भ्या

मुकादमानं पाण्याचं पिंप लाथेनं उपडं केलं. बहात्तरच्या दुष्काळात. भर उन्हात.

कारण एवढंच, मी त्या पिंपाला धरलं होतं.

शेवगावकडच्या माळावर सरकारी खडी फोडायचं काम होतं. चौफेर उघडं रान. झाड नाही, भिंत नाही. पाटी उचलून निघाले आणि एकाएकी छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. हाताला मुंग्या. वाटलं, आता मरते. धरायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पिंपाला मिठी मारली. ते वरच्या आळीचं पाणी, आम्ही शिवायचं नाही. आम्हाला ते लांबून, वरून ओतायचे.

मुकादम पाटलाच्या भावकीतला. पाणी मातीत मुरून गेलं. पिंप का धरलं विचारलं, तर मी म्हणाले, रान बघून भ्या वाटलं. मग त्यानं मला खडीच्या ढिगावर उभं केलं.

"बघा, राजवाड्यातली राणी. हिला मोकळ्या रानाचं भ्या वाटतंय."

महारवाड्याला ते टिंगलीनं राजवाडा म्हणायचे. बाया हसल्या. मग तहानेनं कावलेल्या त्याच बायांनी शिव्या दिल्या. मला. त्याला नाही. आमच्या वस्तीतल्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली.

त्यानंतर उंबरा ओलांडता येईना. दाराशी गेले की आत पळायची. देवऋषी आला, लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून गेला. नवरा कोपरगावकडं ऊसतोडीला. माझ्या जागी म्हातारी सासू खडी फोडायला जायची. तिच्या तळहाताचे फोड बघत मी घरात बसून असायची. मेलेली बरी, असं वाटायचं.

लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी सासूला सांगितलं, हे भूत नाही, आजार आहे, नगरला न्या. एस.टी.त सासूच्या मांडीत तोंड खुपसून गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, भीती आली की तुम्ही पळता, म्हणून दर खेपेला ती जास्त जोरानं येते. पळू नका, थांबा. चढते तशी ती आपोआप उतरते. आधी दारात, मग गल्लीत, मग ओढ्यापर्यंत. माळ शेवटी.

मी विचारलं, "आन मुकादमाचं भ्या? ते कसं उतरायचं?"

बाई म्हणाल्या, "त्यावर माझ्याकडे औषध नाही."

दारात उभी राहिले. घाम फुटला. आत पळाले. पुन्हा उभी राहिले, पुन्हा पळाले. किती दिवस नुसतं रडणं. एकदा मात्र चौकट धरून थांबले, आणि भीती खरंच उतरली. तेव्हा उमगलं. हे छातीतलं भ्या माझं आहे, ते सोसलं की उतरतं. त्या माणसाचं भ्या मी जितकं सोसलं, तितकं ते चढत गेलं. दोन्ही मी एकच समजत होते.

गल्ली झाली, ओढा झाला, मग पुन्हा कामाला माळावर गेले. मधोमध पोचले आणि छाती पुन्हा धडधडायला लागली. पाटी खाली ठेवली. उभी राहिले.

मुकादम आला. "काम कर, न्हाईतर घरी जा."

"काम करनार हाय. आदी हे उतरू द्या. तवर हितंच उभी ऱ्हानार. घरी जानार न्हाई."

त्यानं माझा खाडा मांडला, दिवसाची मजुरी कापली. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही, वस्तीतलंसुद्धा. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तशीच उभी राहिले. भीती उतरली, तेव्हा पाटी उचलली.

तिथंच मनाशी पक्कं केलं. आजार जाईल, न जाईल. तो रोज खाडा मांडेल. मांडू दे. पण ह्या माणसाच्या शब्दावर घरात जाऊन बसणार नाही. पुन्हा कधीच नाही.